रविवारची साक्ष

रामप्रसाद येणार नाही असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, खुद्द रामप्रसादनंसुद्धा. आपल्या लग्नाचं बोलावणं घेऊन पुतणी राधिका स्वतः स्कूटीवर हट्ट्याला आली होती. आजीच्या पायाशी बसून तिनं चहा घेतला आणि मोठ्या बाबांच्या हातात पत्रिका दिली. रामप्रसादनं ती न वाचताच खुंटीवरच्या पिशवीत कोंबली आणि म्हणाला, "बघू." त्याच्या 'बघू'चा अर्थ त्याच्या मेंढरांनासुद्धा ठाऊक होता.

पण लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी उठून त्यानं पिकअप धुतली. हौद्यातल्या लेंड्या झाडून काढल्या, सतरंजी अंथरली आणि दारातून हाक मारली, "माय, चलायचं का न्हाई? का पुन्हा मेंढरं भरू हौद्यात?"

चांगुणाबाई पहाटेपासून इरकली लुगडं नेसून बसली होती. ती इतक्या घाईनं उठली की पायातली चप्पल उलटी घातली गेली. सून मोहिनी पदरात तोंड लपवून हसत होती. या एका दिवसासाठी तिनं काय काय केलं होतं ते तिचं तिलाच माहीत. नवऱ्याशी अबोला धरला, अबोल्याचा उपयोग होईना म्हणून तो सोडून भांडण धरलं, आणि शेवटी, "तुमी नका येऊ, म्या मायला घेऊन बसनं जाते, लोकं काय म्हनायचं ते म्हनतेल," असं सांगून मोकळी झाली. लोक काय म्हणतील याची रामप्रसादला भीती होती असं नाही. पण आई बसच्या गर्दीत उभी राहील, हे त्याच्यानं पाहवणारं नव्हतं.

हट्ट्याहून कुरुंदा काही फार लांब नाही. तरी धाकट्या बजरंगचं घर पाहण्याचा योग चांगुणाबाईला इतक्या वर्षांत आला नव्हता. घर तुटलं तेव्हा राधिका अंगणवाडीत जात होती. आता तिला हळद लागणार होती.

बजरंग धर्म बदलून बसला म्हणून भावानं त्याला घराबाहेर काढलं, असं गाव म्हणे. गावाला काय, गाव काहीही म्हणतं. घरातली गोष्ट वेगळी होती आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. बजरंग प्रार्थनेला जायला लागला तेव्हा घरात कुणाच्या कपाळाला आठी पडली नव्हती. त्यांच्या बापानं, नामाजीनं, जन्मभर खंडोबा केला, बिरोबा केला, दर्ग्यावर चादरही चढवली. त्यात आणखी एक देव आला, एवढंच. रामप्रसाद तर म्हणाला होता, "दारू सोडीत असंन तर कोन्या का देवाला जाईना."

बिनसलं ते केसवरून. हरभऱ्यात मेंढरं शिरली म्हणून सोनाजी नावाचा शेतकरी शिव्या देत धावून आला होता. रामप्रसादनं काठी फिरवली आणि सोनाजीचं मनगट मोडलं. वसमतच्या कोर्टात केस उभी राहिली. रामप्रसाद त्या दिवशी शेताकडं गेलाच नव्हता, तो मेंढ्या विकायला कनेरगाव नाक्याला होता, असं घरानं एका तोंडानं सांगायचं ठरवलं. नाक्यावरचे दोन ओळखीचे ढाबेवाले तसं बोलायला तयार होते. सोनाजीशिवाय ते खोटं आहे हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच होता, आणि तो घरचाच. बजरंग त्या वेळी भावाच्या शेजारी उभा होता.

तशात एका संध्याकाळी चांगुणाबाई शेळीची धार काढत असताना बजरंग येऊन तिच्याजवळ उकिडवा बसला. "माय, येत्या रविवारी मला साक्ष द्यायचीय," तो म्हणाला. "तुमी समदे या. म्या काईच लपवनार न्हाई. जे झालं ते समदं उघड सांगनार."

"कोनाम्होरं?" तिनं विचारलं. तिच्या हातातलं दूध चरवीबाहेर सांडलं.

"समद्यांम्होरं. पाळक म्हनले, आता तुही येळ आलीय."

पाळक म्हणजे कोर्टातलाच कुणी साहेब असणार, असं तिनं धरलं. बजरंगच्या डोळ्यांत पाणी होतं. भावाच्या विरोधात जाताना त्याला वाईट वाटून राहिलंय, असा तिनं त्या पाण्याचा अर्थ लावला. ती तशीच उठली आणि मोठ्याला जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात जे झालं ते तिच्या कानांत अजून जसंच्या तसं होतं.

"तू साक्ष देनार का न्हाई, एवढंच सांग," रामप्रसाद म्हणाला होता.

"देनार, दादा."

"समदं सांगनार?"

"समदं. लपवून ठेवलं तर मन हलकं व्हत न्हाई."

"भावापरीस तुला तो पाळक मोठा झाला?"

"भावापरीस सत्य मोठं हाय, दादा. तुमी रागं भरताल हे मला ठावं व्हतं."

"माय," रामप्रसाद आईकडं न बघता म्हणाला, "मडकं आन."

मेलेल्या माणसासाठी मडकं फोडतात, हे अंगणातल्या लहानग्या राधिकेलाही ठाऊक असावं, कारण ती रडायला लागली. चांगुणाबाई आत गेली. पाण्याचं मडकं भरलेलं होतं. वाया जाऊ नये म्हणून तिनं त्यातलं पाणी आधी घागरीत ओतलं, आणि मग रिकामं मडकं आणून मोठ्याच्या हातात दिलं. पुढं किती तरी वेळा तिनं स्वतःला विचारलं, की पाणी ओतायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आपल्याला काहीच कसं सुचलं नाही?

कोर्टाच्या तारखेला बजरंग आलाच नाही. "पाह्यलं? मडक्यानं काम केलं," असं रामप्रसाद म्हणाला. पुढं सोनाजीशी तडजोड झाली आणि केस मिटली. मिटल्यावर धाकट्याला परत आणायला हवं होतं, पण आपणहून कोण जाणार, या एका गोष्टीवर वर्षं निघून गेली. भावाला जेलात घालायला निघालेल्या माणसाच्या दारात जायचं रामप्रसादच्या जिवावर येत होतं, आणि मोठ्याचं मन मोडून जायचं चांगुणाबाईच्या.

कुरुंद्यात शिरल्यावर घर विचारावं लागलं नाही. हळद शिजवायचा मोठा कुकर चाकांवर उभा होता आणि त्याच्या शेजारी मांडव होता. हंगामात या शेतातून त्या शेतात कुकर घेऊन फिरायचा हा बजरंगचा आता धंदा होता. पिकअप थांबायच्या आधीच तो धावत आला. पांढरा सदरा, केस पिकलेले, नखांच्या कडा हळदीनं कायमच्या पिवळ्या झालेल्या. भावासमोर येऊन तो थबकला. पुढं काय करायचं ते दोघांनाही कळेना.

"दादा," तो म्हणाला.

"गाडी सावलीत लावू का हितंच?" रामप्रसादनं विचारलं.

"हितंच राहू द्या."

भावाभावांचं बोलणं एवढ्यावरच थांबलं. तोवर मोहिनीनं धाकट्या जावेला, नीलाबाईला, मिठी मारली होती आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोळे पुसत होत्या. बायकांचं हे एक बरं असतं, त्यांना रडायला मुहूर्त लागत नाही. चांगुणाबाई मात्र रडली नाही. मुलाच्या चेहऱ्याकडं ती नुसती बघत राहिली. हा तोच का, जो झिंगून दारात पडायचा आणि ज्याला गाव बजऱ्या म्हणून हाक मारायचं? इथं जो तो त्याला "बजरंगभाऊ, बजरंगभाऊ" करत होता. मांडवातली म्हातारी माणसंसुद्धा त्याला अहोजाहो करत होती.

"नाव न्हाई बदललं रे तू?" तिनं विचारलं.

"पाळक म्हनले व्हते, दुसरं घ्यायचं तर घे. म्या म्हनलं, हे मायनं ठेवलंय, हेच राहू द्या." तो हसला. "मारुतीचं नाव घेऊन म्या समद्या ताल्लुक्यात प्रभूची गानी म्हनतो. कोनाची काई तकलीफ न्हाई."

लग्नाआधीची उपकारस्तुती म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना होती. मांडवात सतरंज्यांवर माणसं बसली. नवरदेव प्रज्ञेशकडची मंडळी हिंगोलीहून आली होती, ती पुढं खुर्च्यांवर. चांगुणाबाईला नीलाबाईनं आपल्या शेजारी घेतलं. रामप्रसाद मांडवाच्या कडेच्या खांबाला टेकून बसला, म्हणजे उठून जायचं तर कुणाला ओलांडायला नको. मोहिनी त्याच्या मागंच बसली, म्हणजे तो उठायला लागला तर सदरा धरता यावा.

पाळक म्हणून पुढं आला तो देविदास नावाचा एक साधा, सावळा, चष्मेवाला माणूस. चांगुणाबाईनं इतकी वर्षं काळ्या कोटातला कुणीतरी मनात धरला होता. हा तर किराणा दुकानात बसणारा वाटत होता. ढोलकी-झांजांवर दोन गाणी झाली. चाल अगदी भजनाची होती, तिनं नकळत मान डोलावली. मग देविदास पाळक म्हणाले, "आता साक्ष. आधी बहिणींमधून कोणी देणार असेल तर पुढं या. त्यानंतर आपले बजरंगभाऊ साक्ष देतील."

चांगुणाबाईनं रामप्रसादकडं पाहिलं. तो ताठ झाला होता. "माय, ऊठ," तो तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला. "यासाठी बोलवलं व्हय आपल्याला?"

मोहिनीनं सदरा धरला. "बसा वो. लोकं पाहून राह्यले."

तेवढ्यात नानीबाई म्हणून एक वयस्क बाई पदर सावरत उभी राहिली. "प्रभूची स्तुती असो," ती म्हणाली. "मही गाभन शेळी हरपली व्हती. समदं रान पालथं घातलं. म्या गुडघे टेकून प्रार्थना केली, प्रभू, तूच आन. दुसऱ्या दिवशी शेळी दारात, आन् संगं दोन पिल्लं. हीच मही साक्ष हाय." लोक "आमेन" म्हणाले. बाई समाधानानं खाली बसली.

चांगुणाबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं नीलाबाईचा हात धरला. "हे काय व्हतं?"

"साक्ष, आत्याबाई."

"शेळीची?"

"कशाचीबी. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून समद्यांना सांगायचं. त्याला आमच्यात साक्ष म्हनतेत."

"कोर्टात न्हाई?"

नीलाबाईला हसू आलं. "कोर्टात कशाला वो? हितंच. दर रविवारी."

दर रविवारी. चांगुणाबाईनं ते शब्द मनात पुन्हा म्हटले. रविवारी कोर्टाला सुट्टी असते. शाळेत जाणाऱ्या पोराला कळतं, सोनाजीला कळलं असतं, गावातल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. आणि आपण आईबेटे दोघं, वसमतच्या तारखांना खेटे घालून घालून चपला झिजवलेली माणसं, आपल्या ध्यानात एवढंही आलं नाही. पोरगं आपल्याला प्रार्थनेला बोलवायला आलं होतं. नवं लुगडं दाखवायला यावं तसं आपलं बदललेलं मन दाखवायला आलं होतं, आणि आपण त्याच्यासाठी मडकं रिकामं करून दिलं.

तिनं मान वळवली. रामप्रसादनंही नानीबाईची शेळी ऐकली होती. त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता. तो आईकडंच बघत होता, आणि त्यालाही कळलंय हे तिला कळलं.

बजरंग पुढं आला. माईक त्यानं सवयीच्या माणसासारखा धरला.

"म्या मेंढरामागं हिंडनारा मानूस," तो म्हणाला. "मला समदे बजऱ्या म्हनायचे. एक बार म्या पिऊन रोडच्या कडंला झोपलो आन् मेंढरं ट्रकखाली गेली. मेली त्याचं दुःख मह्या दादानं केलं, म्या न्हाई. शुद्धच न्हवती. अशा मानसाला प्रभूनं हाताला धरलं. पन त्याचं नाव घेतलं म्हनून घर मह्यावर उलटलं. मह्या मायनं मडकं आनून दिलं, मह्या भावानं ते मह्यासमोर फोडलं. आमच्यात मेलेल्या मानसासाठी मडकं फोडतेत. लई रडलो म्या. मग रविवारी मंडळीत उभा राह्यलो, तवा समजलं. खरंच एक मानूस मेला व्हता. बजऱ्या मेला व्हता. त्याच दिवशी पहिल्यांदा लोकं मला बजरंगभाऊ म्हनले. तवापासून गावोगाव हेच सांगत फिरतो, की प्रभूसाठी मानसाचं घर गेलं तरी मानूस जात न्हाई." त्यानं मांडवाकडं हात केला. "आन् आज मही माय, मव्हा भाऊ, मही वहिनी हितं बसलेत. यापरीस मोठी साक्ष काय देऊ?"

सगळा मांडव वळून त्या तिघांकडं बघू लागला. कित्येकांचे डोळे भरले होते. कुणाच्या नजरेत राग नव्हता, उलट मायाच होती, आणि तीच रामप्रसादला सोसेना. तो उठला आणि कुकरच्या पलीकडं गेला. या वेळी मोहिनीनं त्याला धरलं नाही. ती सासूला घेऊन त्याच्या मागोमाग गेली.

"ऐकलं ना, माय?" रामप्रसाद कुकरच्या चाकावर बसला होता. "मला काय त्याच्या देवाचं व्हतं? म्याच म्हनलं व्हतं ना, कोन्या का देवाला जाईना? समद्या ताल्लुक्यात म्या देवाचा दुश्मन ठरलो. देवासाठी भावाला हाकलनारा! म्या काय एवढा कसाई हाय का?"

"पन झालं काय, ते तर सांगा," मोहिनी म्हणाली. तिला अजून नीट उमजलं नव्हतं. चांगुणाबाईनं दोन वाक्यांत सांगितलं. मोहिनीनं कपाळावर हात मारून घेतला. "देवा रे! रविवार न्हाई सुचला तुमाला?"

"तुला सुचला व्हता का?" रामप्रसाद खेकसला.

"मला कोन्ही विचारलं व्हतं का? मडकं फुटल्यावर म्या रानातून आले." मग ती नरमली. "आता एकच करा. जा आन् सांगून टाका त्याला. दोन भाऊ हायेत, हसतेल, रडतेल, मोकळे व्हतेल."

"तेच म्हनतो म्या. आत्ताच्या आत्ता सांगतो," रामप्रसाद उठत म्हणाला.

तेवढ्यात राधिका त्यांना शोधत आली. हातावरची मेंदी सांभाळत तिनं मोठ्या बाबांच्या पायाला कोपरानंच स्पर्श केला. "मोठे बाबा, तुमी आलात, तिकडचे लोक किती खूश झाले माहितीय? आमची सोयरीकच बाबांच्या साक्षेवर जमली. प्रज्ञेशच्या वडिलांनी ती एका सभेत ऐकली होती. तेव्हाच म्हणाले, देवासाठी ज्यानं घर सोडलं, त्याच्या पोरीचं कूळ विचारायचं नाही. आजी, चल ना, ते तुला भेटायचं म्हणून राहिलेत." आणि ती आली तशी पळत गेली.

मांडवातून गाण्याचा आवाज येत होता. मोहिनीनंच आधी तोंड उघडलं. "राहू द्या वो," ती हळूच म्हणाली.

"आत्ता तर म्हनत व्हतीस, सांगून टाका!"

"तवा म्या पोरीचं ऐकलं न्हवतं. लगीन मोडायचं न्हाई त्यानं, तेवढी ती मानसं हलकी दिसत न्हाईत. म्या भावजींचं म्हनते. त्यांना वाटतं, घर देवापायी गेलं. तुमी म्हनताल, न्हाई रे बाबा, कानाच्या चुकीनं गेलं. मग इतकी वर्षं ते ज्या गोष्टीवर उभे हायेत ती काढून घेऊन काय देताल त्यांना?"

"खरं देतो. खरं कमी हाय का?" रामप्रसादनं विचारलं. मग तो आईकडं वळला. लहानपणी काही हवं असलं की वळायचा तसाच. "माय, म्या न्हाई बोलत. तूच बोल त्याला. तुह्यावर तो इस्वास ठेवंन. एवढा एक डाग तेवढा पूस मह्यावरचा."

चांगुणाबाईनं त्याच्या सदऱ्यावरचा धुरळा झटकला. "बघते," ती म्हणाली.

तिला बोलायचंच होतं. जे झालं ते धाकट्याच्या गळ्यात पडून सांगावं, तुझ्या देवाशी आमचं कधीच काही वाकडं नव्हतं रे, असं म्हणावं आणि एकदाचं पोटभर रडून घ्यावं, यासाठी तिचा जीव कासावीस झाला होता. मनात शब्द जुळवतच ती मांडवात शिरली, आणि शिरल्या शिरल्या देविदास पाळकांनी तिला पाहिलं.

"आजीबाई आल्या! आजी, नातीला आशीर्वादाचे दोन शब्द बोला."

नको नको म्हणेपर्यंत माईक तिच्या हातात आला. समोर हिंगोलीची पाहुणी माणसं होती. मेंदीचे हात वर धरून बसलेली राधिका होती. बजरंग वाढपाच्या तयारीला लागला होता, तो हातातलं बुंदीचं ताट तसंच धरून उभा राहिला. मांडवाच्या कडेला रामप्रसाद खांबाला धरून उभा होता. त्यानं आईकडं पाहून मान हलवली. बोल, असं ती मान म्हणत होती.

"मला बोलता येत न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. माईकमधून स्वतःचाच आवाज आलेला ऐकून ती दचकली. "मला साक्ष म्हनजे काय तेबी ठावं न्हवतं. आज कळलं."

ती थांबली. बजरंग तिच्याकडं बघत होता. त्याच्या तोंडावर ती कोण जाणे किती वर्षांनी, वाट पाहणाऱ्या लेकराचा भाव बघत होती. ती जुळवलेले शब्द शोधू लागली. ते होते, सगळेच्या सगळे होते. पण ते बोलले तर त्या अंगणात कुणीच मेलं नव्हतं, नुसताच घोटाळा झाला होता, असं होणार होतं. मग हा जो बजरंगभाऊ समोर उभा आहे तो कुठून आला म्हणायचा?

"बजरंग बोलला ते खरं हाय," ती म्हणाली. "त्याच्या देवापायीच आमी त्याला काढलं. मोठ्याला लोकं बोल लावतेत, पन त्याचा दोष थोडा. त्याचे कान म्याच भरले. मडकं मह्या हातानं दिलं. पोरगं मोठ्या देवाचं झालं, आन् मला ते पाहवलं न्हाई. चुकलं महं. पोरी, सुखानं नांद."

मांडवात हुंदके फुटले. कुणीतरी मोठ्यानं "हालेलुया" म्हणालं. रामप्रसादनं आईकडं असं पाहिलं, जणू तिनं त्याला पुन्हा कोर्टात उभं केलं होतं. तो मांडवाबाहेर गेला आणि पिकअपचं दार उघडून आत बसला. गाडी चालू केली नाही, नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मोहिनी त्याच्याकडं जायला उठली, अर्ध्या वाटेत थांबली, आणि परत येऊन पत्रावळ्या मांडायला लागली. एका लेकराला राखताना आपण दुसऱ्याला वाऱ्यावर सोडलं, हे चांगुणाबाईला दिसत होतं. पहिल्यांदा धाकट्याला सोडलं होतं, आज मोठ्याला. दोन्ही लेकरांचं एकदम भलं करणं तिला जन्मात कधी जमलं नव्हतं.

पंगती बसल्या. बजरंग आईजवळ येऊन उकिडवा बसला, ती धार काढत असताना बसला होता तसाच, फक्त आता त्याचे गुडघे वाजत होते. त्यानं तिचे दोन्ही हात हातांत घेतले.

"माय, तू हे बोलायला नको व्हतं लोकांत. म्या तुमाला कवाच माफ केलंय. दादालाबी. रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेतो."

"व्हय रे," ती म्हणाली. जे केलं नव्हतं त्याची माफी मिळाली. जे केलं होतं त्याची मागायची आता सोय उरली नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि बजरंग ते आपल्या पिवळ्या बोटांनी पुसू लागला.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "त्या रविवारची मही साक्ष ही न्हवतीच. मडकं त्याच्या आदल्या दिवशी फुटलं, म्हनून त्याचं सांगितलं. मूळची दुसरीच व्हती. समदी तुह्यावर व्हती."

"मह्यावर?"

"मग? म्हनून तर तुला या म्हनलं व्हतं. तू पुढं बसायची आन् म्या सांगायचं."

चांगुणाबाईनं त्याचे हात घट्ट धरले. "काय सांगनार व्हतास रे?"

बजरंगनं आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटले, मान वर केली, मग हसून नकारार्थी हलवली. "आता न्हाई ध्यानात, माय. तवा मेंढरामागं हिंडता हिंडता लई घोकलं व्हतं, तोंडपाठ झालं व्हतं. पन त्या सकाळी उभा राह्यलो आन् मडक्याचंच तोंडात आलं. मग समदीकडं तेच सांगत गेलो. पहिलं पार पुसून गेलं."

"थोडंबी आठवत न्हाई?"

"न्हाई गं." पंगतीतून कुणीतरी "बजरंगभाऊ, बुंदी!" अशी हाक मारली. तो गुडघ्यावर हात टेकत उठला, ताट उचललं आणि जाता जाता वळून म्हणाला, "चांगलंच असंन काईतरी, माय."